तुम्ही कोणाकडे आलात?

मुलांना काही गोष्टी आपण इतक्या लवकर शिकवतो, की त्या शिकवल्याचंही पुढे आठवत नाही. कुणाच्या घरात डोकावू नये. कुणी जेवत असेल तर त्याच्या ताटाकडे बघत उभं राहू नये. दार उघडं दिसलं तरी बाहेरून हाक मारावी, आत कोण आहे ते वाकून पाहू नये. मग सुट्टी लागते. त्याच मुलांच्या डोक्यावर हेल्मेट चढवून आपण त्यांना भाड्याच्या सायकलींवर बसवतो आणि एखाद्या नारळी-पोफळीच्या गावातून आई, बाबा, दोन मुलं, जमलं तर आजोबाही, असे रांगेत निघतो. पुढे चाललेला गाइड हात करून सांगतो, 'आता डावीकडे बघा.' डावीकडे कुणाचं तरी घर असतं. ओट्यावर बसून एक म्हातारी मासे साफ करत असते. सगळे बघतात. मोबाइल बाहेर निघतात.

घरी ज्याला आगाऊपणा म्हणतो, त्याला इथे पैसे भरून घेतलेला अनुभव म्हणायचं, हे नेमकं कशाच्या जोरावर?

हा प्रश्न सायकल सहलीलाच का विचारायचा, असं कुणी म्हणेल. गोव्यात त्याहून वाईट प्रकार कमी आहेत का? नाहीत. किनाऱ्यावर थेट वाळूत गाडी घालणारे, बाटल्या फोडून जाणारे, रात्रभर गाणी लावणारे आहेतच. पण तिथे नैतिक प्रश्न फारसा उरत नाही, पोलीस पुरेसे असतात. सायकलवरून फिरणारं कुटुंब मात्र सगळ्यांत सभ्य पर्यटक. धूर नाही, आवाज नाही, हळू जातात, मुलांना काही शिकवावं म्हणून आलेले असतात. एवढ्या सभ्यपणे पाहण्यातही काही खटकत असेल, तर ते पाहण्याच्या मुळाशीच काहीतरी असलं पाहिजे. म्हणून हे उदाहरण.

दिवाडी बेट घेऊ. जुने गोवे इथल्या धक्क्यावरून फेरीबोट निघते आणि मांडवी ओलांडून काही मिनिटांत पलीकडे लागते. बेटाला पूल नाही. उतरल्यावर खारफुटी आणि शेतं यांच्यामधून एक सरळसोट रस्ता जातो, मग चढ लागतो आणि पिएदादची घरं दिसू लागतात. टेकडीवर चर्च आहे. मराठी माणसाला या बेटाची आणखी एक ओळख असायला हवी. कदंबांचं दैवत असलेल्या सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ इथलं. पोर्तुगीज काळात ते पाडलं गेलं, लिंग नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्वे गावी नेण्यात आलं आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी करवला. सायकलवाल्यांना हे सगळं सांगितलं जातं. सांगितलं पाहिजेच.

पण पर्यटकांच्या फोटोत सर्वांत जास्त काय येतं? ना चर्च, ना देवळाच्या खाणाखुणा. येते ती त्या सरळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंची हिरवी सपाटी, तिच्यातले बगळे, तिच्यात साचलेलं आभाळ. आणि तिच्याबद्दल जो शब्द हमखास वापरला जातो तो 'निसर्ग'. घोटाळा इथे सुरू होतो.

ती खाजन शेती आहे. म्हणजे नदीच्या भरतीचं खारं पाणी जिथे एरवी रोज शिरलं असतं, तिथे मातीचे बांध घालून माणसांनी मिळवलेली जमीन. बांधाच्या बाहेरच्या अंगाला खारफुटी ठेवायची, म्हणजे लाटेचा मार ती खाते. बांधात ठरावीक जागी मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती चढू लागली की पाण्याच्याच दाबाने झडप मिटते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. पावसाळ्यात गोडं पाणी जमिनीतला खार धुऊन काढतं, तेव्हा खार सोसणारं भात लावायचं. भात निघालं की त्याच पाण्यात मासे आणि कोळंबी. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. आणि इथेच जुनं भांडण आहे: मासेवाल्याला झडप जास्त वेळ उघडी हवी, कारण खाऱ्या पाण्याबरोबर मासे येतात, भातवाल्याला ती वेळेवर बंद हवी, कारण एकदा खार बसला की जमीन लवकर सुधारत नाही. त्या शांत हिरव्या चित्रात हे भांडण मुरलेलं आहे.

हे बांध एकट्यादुकट्याने राखायचे नसतात. एका ठिकाणी खिंडार पडलं तर सगळ्यांची शेती जाते. म्हणून गावाची मिळून जमीन, मिळून देखभाल अशी गावकरीची व्यवस्था इथे पोर्तुगिजांच्या आधीपासून होती. त्यांनी ती मोडली नाही. १५२६ मध्ये तिसवाडीतल्या गावांच्या चालीरीती लिहून काढल्या आणि पुढे तिला कोमुनिदाद हे नाव पडलं. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ चा कूळ कायदा आणि त्यातली १९७६ ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला मालक केलं. ते न्याय्य होतं. पण त्याबरोबर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली, आणि शेती सोडून नोकरीला, परदेशी गेलेल्या माणसांच्या गावात बांधावर माती टाकायला कोण जमणार? गोव्यात कितीतरी ठिकाणी बांध फुटले, खारं पाणी आत आलं, शेतात खारफुटी उगवली. गंमत अशी, की तीही हिरवीच दिसते. सायकलवरून जाणाऱ्याला फरक कळत नाही. तो तिचाही फोटो काढतो आणि निसर्ग किती छान राखलाय म्हणतो.

तर सहलीत नेमकं विकलं काय जातं? सायकलचं भाडं, गाइडचा वेळ, नाश्ता, विमा यांचे पैसे ज्याचे त्याला मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण कुणी सायकल चालवायला एवढ्या लांब येत नाही. येतात ते दृश्यासाठी. आणि दृश्य ज्यांनी केलं, झडप बदलली, बांधावर चिखल थापला, भात लावलं, घराला दर वर्षी रंग दिला, ते व्यवहारात कुठेच नाहीत. कांट म्हणतो, माणसाला निव्वळ साधन म्हणून वागवू नका. या बाबतीत मला ते सूत्र थोडं तोकडं वाटतं. ज्याला साधन म्हणून वापरायचं, त्याला निदान काही विचारावं लागतं, मजुरी ठरवावी लागते, तो नाही म्हणाला तर अडचण होते. शेतात वाकलेल्या बाईला आपण साधनसुद्धा करत नाही. तिला पार्श्वभूमी करतो. पार्श्वभूमीला नाही म्हणता येत नाही.

मग तिलाही पैसे द्यावेत का? काही ठिकाणी असं करून पाहतात: घरात नेऊन जेवण, नारळ सोलून दाखवणं, प्रत्येकाचा हिशेब. त्यात प्रामाणिकपणा आहे, आणि चूल पेटवून चार पैसे येत असतील तर बाहेरच्याने नाक मुरडू नये. पण त्याने प्रश्न सुटत नाही, फक्त सरकतो. नारळ सोलण्याचे पैसे मिळू लागले की नारळ पर्यटकांच्या वेळेला सोलले जातात. आणि बांधाचं काय? बांध दाखवण्यासारखा नसतो. चिखलाचा ढीग तो.

कोकणात काय किंवा गोव्यात काय, अनोळखी माणूस गावात शिरला की पहिला प्रश्न नाव-गाव नसतो. 'कोणाकडे आलात?' हा असतो. शहरातल्या माणसाला यात चौकसपणा दिसतो. खरं तर ही गावाची फार शहाणी सोय आहे. तुम्ही अमक्याकडे आलात म्हटलं की तुमच्या वागण्याला कुणीतरी जामीन मिळतो. तुम्ही विहिरीत घाण केलीत तर बोल त्याला लागणार, तुम्हाला साप चावला तर धावाधाव त्याने करायची. पाहुण्याला गाव बघण्याचा हक्क मिळतो तो या जामिनावर. सायकलवरच्या कुटुंबाकडे या प्रश्नाला उत्तर नसतं. ते कोणाकडेच आलेले नसतात. गाइड म्हणजे त्या रिकाम्या जागी उभा केलेला माणूस. तो गावातला असेल तर निदान संध्याकाळी त्याला त्याच रस्त्याने घरी जायचं असतं. कुणाचं कुंपण मोडलं, कुणाच्या न्हाणीघराच्या बाजूला थांबून फोटो काढले, तर त्याला ऐकून घ्यावं लागतं. तो बाहेरून आणलेला असेल तर जामीनच खोटा. सहल निवडताना लोक सायकलींचे गिअर विचारतात, हे विचारत नाहीत.

आपल्याकडे परक्या गावांतून जाण्याची दुसरी परंपराही आहे. नर्मदेची परिक्रमा करणारा शेकडो गावांतून जातो, ओसरीवर झोपतो, लोकांच्या घरातलं सगळं पाहतो. त्याच्या पाहण्याने कुणी अवघडत नाही. का? श्रद्धा हे अर्थातच कारण आहे. पण मला आणखी एक दिसतं: तो गरजू असतो. त्याला पीठ हवं असतं, पाणी हवं असतं, पुढची वाट विचारायची असते. ज्याच्या दारात हात पसरायचा, त्याच्याकडे चित्रासारखं बघता येत नाही. सायकलमध्ये याची थोडी शक्यता असते, आणि मोटारीपेक्षा ती मला बरी वाटते ती याच कारणाने. सायकल पंक्चर होते. चढावर दम लागतो. घसा कोरडा पडतो. एकटा सायकलवाला कुणाच्या तरी फाटकाशी थांबून पाणी मागतो, आणि तेवढ्यात नातं उलटं होतं: घर देणारं होतं, हा घेणारा. सोबत गाइड घेतलेली सहल नेमकी हीच शक्यता पुसून टाकते. थंड पाण्याच्या बाटल्या असतात. मागून टेम्पो येत असतो. पंक्चर काढणारा बरोबर असतो. मुलांच्या सुरक्षिततेसाठी हे हवंच, मीही तसंच म्हणेन. पण ज्याला गावाकडून काहीच लागत नाही, त्याच्यापुढे गावाला चित्र होण्यावाचून दुसरं काही उरतही नाही.

त्याच रस्त्याने दुसरी एक सायकल रोज जाते. तिच्या मागे मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, आणि रबरी भोंग्याचा पों-पों आवाज. हा पोदेर, पाववाला. पहाटे भट्टीतून निघालेले पोई आणि उंडे तो दारोदार पोचवतो. पर्यटकांना तो फार आवडतो, आणि त्याच्या सायकलीशेजारी आपली लावून फोटो काढायला मुलांनाही. मला त्या फोटोत एकच गोष्ट दिसते: एकाची सायकल त्याला मोटरसायकल परवडत नाही म्हणून, दुसऱ्याची मोटार परवडते म्हणून. आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीने सायकल सोडून स्कूटर घेतली तेव्हा पेढे वाटले होते. पोदेरानेही आता कुठे कुठे दुचाकी घेतली आहे. त्यावर हळहळणारे पर्यटक मी पाहिले आहेत.

आता हेही सांगायला हवं, की गाव काही नुसतं बघून घेत नाही. गोव्याच्या जुन्या घरांना पुढे बाल्कांव असतो: दोन्ही बाजूंना बसायचे कट्टे असलेला, रस्त्याकडे तोंड केलेला ओटा. तो बांधलेलाच मुळी येणारे-जाणारे बघण्यासाठी. संध्याकाळी तिथे बसलेल्या बायकांसमोरून रंगीत हेल्मेटांची रांग जाते, तेव्हा तमाशा कोणाचा चाललाय हे सांगणं अवघड असतं. त्यांच्यातली एखादी हाक मारून विचारतेही, 'खंयचे तुमी?' यावर हसून हात हलवून पुढे जाणारे बरेच. ब्रेक दाबून, पाय टेकून, कुठले, काय करता, ही मुलगी कितवीत, एवढ्या उन्हात का आणलंत तिला, अशी सगळी उलटतपासणी होऊ देणारे थोडे. पाहण्याबद्दल पाहू देणं, हा मला या सगळ्यातला सर्वांत सरळ व्यवहार वाटतो. त्यासाठी वीस मिनिटं जातात आणि सहलीचं वेळापत्रक बिघडतं.

वेळापत्रकाचं मी समजू शकतो. समजत नाही ती दुसरी गोष्ट: पाहून झाल्यावर पर्यटकाला वाटू लागणारा मालकी हक्क. गाव 'असंच राहिलं पाहिजे' ही इच्छा. कुणाला वाटेल यात वाईट काय, प्रेमच आहे. पण ही इच्छा दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल आहे. कौलं काढून स्लॅब घालायचा की नाही, मुलाला शेतीत ठेवायचं की जहाजावर पाठवायचं, हे ठरवताना ज्यांना त्याचे परिणाम सोसायचे आहेत त्यांचंच मत मोजलं पाहिजे. दिवाडीला पूल हवा की नको यावर बेटावरच दोन मतं आहेत, आणि दोन्ही बाजूंना कारणं आहेत. पूल आला की जमिनींचे भाव चढतील, बाहेरचे बंगले येतील, शांतता जाईल, असं म्हणणारे आहेत. रात्री बाळंतीण अडली तर बोटीची वाट बघत बसायचं का, असं विचारणारे आहेत. हा वाद त्यांचा आहे.

परतीच्या फेरीबोटीत सगळे एकत्र उभे असतात: सायकली, दुचाक्या, दप्तरं, भाजीच्या पिशव्या, गॅसची सिलिंडरं. तिथे एका मुलाला मी वडिलांना विचारताना ऐकलं, 'बाबा, इथे पूल का नाही बांधत?' वडील म्हणाले, 'अरे, पूल नाही म्हणून तर हे सगळं असं राहिलंय. नसलेलाच बरा.' शेजारी दुचाकीवर बसलेल्या बाईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर पाहू लागली. गाइड बेटावरचाच होता. तो काही बोलला नाही. पलीकडच्या धक्क्यावर त्याची दुपारची तुकडी हेल्मेटं घालून तयार उभी होती.