तिला काय येत होतं

उन्हाळ्यात भाटघरचं पाणी ओसरलं की कांबरेश्वराचं मंदिर उघडं पडतं आणि पुण्याहून लोक गाड्या काढून बघायला येतात. ते धरण १९२८चं. त्यात गेलेली घरं डोळ्यांनी पाहिलेलं आता कोण उरलं असेल? पण भोर-वेल्ह्यातली धरणं तिथे थांबली नाहीत. पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी. बिऱ्हाड उचलून खाली गेलेल्या आया इथे पिढीपिढीत सापडतात.

अशीच हिर्डोशी खोऱ्यातली एक. नीरा देवघरमुळे घर उठलं, कालव्याच्या लाभक्षेत्रात जमीन मिळाली, तेव्हा मुलगा कडेवर होता. आता तो वैतागतो. ‘आई, पुरे आता तुझं गाव!’ प्रकल्पग्रस्तांच्या ५ टक्के आरक्षणातून त्याला नोकरी लागली. ती हे कधी काढत नाही, पण गावाचा विषय निघाला की त्याला ते आपल्यालाच सुनावल्यासारखं वाटतं.

नीट ऐकलं तर तिच्या बोलण्यात गाव कमी आणि काम जास्त असतं. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा तर शेण, कवळ, गवत पसरून वर बारीक माती टाकायची आणि वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवायचं. भडका होत नाही, जमीन सावकाश भाजते. तरवा काढायला आला की नाही, हे ती मूठभर रोपं धरून सांगायची. आवणीला इरली घेऊन वाकलेल्या बायकांची रांग तिच्या हाताच्या वेगाने मागे सरकायची.

आणि मग एकदम काळी जमीन, ऊस, पाटाच्या पाळ्या. बारं कुठे फोडायचं, हे तिला शेजारणीला विचारावं लागलं. मुलाने आई पाहिली ती ही, बिचकणारी. जिला आवणीचा सांगावा सगळ्यांच्या आधी यायचा, ती बाई त्याला भेटलीच नाही. भरपाईच्या पंचनाम्यात घर, विहीर, आंब्याची झाडं, सगळ्यांची किंमत लागते; हातातल्या कसबाला तिथे रकाना नसतो.

या पोराने एखाद्या सकाळी तिला नुसतं विचारावं, राबाला कवळ कुठल्या झाडाचं लागतं. आधी ती त्याला वेड्यातच काढेल. मग मात्र त्याची ऑफिसची बस चुकणार, हे नक्की.