गाडी हांकणाऱ्याची दृष्टि आणि धन्याचें दायित्व

नाशिकाहून निघालेल्या मालमोटारी रात्रीं कसारा घाट उतरतात. हांकणाऱ्याची दृष्टि मंद असेल तर दोष कोणाचा? अशा गाडीच्या परवान्यास डॉक्टरांचा दाखला लागतो. परंतु 2019च्या दुरुस्तीनें परवान्याची मुदत 3 वर्षांची 5 वर्षें झाली, आणि मोतीबिंदु तितकी वाट पाहत नाहीं. ज्याचें पोट त्याच कामावर, तो 'मला दिसत नाहीं' असें आपण होऊन कसें म्हणेल? मारका बैल ठाऊक असून बांधिला नाहीं, तर निर्गमाच्या 21व्या अध्यायाप्रमाणें धनीही दोषी. आम्ही त्यापुढें जाऊन म्हणतों, जो धनी गाडीचीं चाकें तपासून घेतो, त्यानें डोळ्यांविषयीं 'ठाऊक नव्हतें' म्हणूं नये. तपासणीचा व चष्म्याचा खर्च त्याचाच. दोष आढळल्यास माणसास घरीं न बसवितां दुसरें काम द्यावें, नाहीं तर पुढचा चालक आपला दोष लपवील.