मुद्दल बांधा, पोरं नको

भीमेच्या अलीकडे दौंड तालुका, पलीकडे शिरूर. नदीकाठच्या एका गावातले वकील दोन्हीकडच्या कोर्टांत कामं चालवत. एका दिवशी दौंड, दुसऱ्या दिवशी पारगावचा पूल ओलांडून न्हावऱ्यावरून घोडनदी. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. कामं बहुतेक वाटपाची, बांधाची, विहिरीच्या पाळीची. एकेका सातबाऱ्याचे तुकडे होत होत गुंठ्यांवर आलेले त्यांनी पाहिले. सख्खे भाऊ कोर्टाच्या आवारात एकमेकांकडे पाठ करून बसत आणि संध्याकाळी एकाच एसटीनं एकाच गावाला जात.

म्हातारपणी त्यांना वाटलं, आपल्या जमिनीचं असं होऊ नये. ती मुलाला, मग नातवाला, मग त्याच्या मुलाला, अशी पिढ्यानपिढ्या बांधून देणारा दस्त करावा. पण मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा त्यांना पाठ होता. त्याचं चौदावं कलम अशा दस्ताच्या आड येतं. आज हयात असलेल्यांचं आयुष्य आणि त्यानंतर एका अज्ञान मुलाचं सज्ञान होणं, एवढीच मर्यादा. त्यापुढच्या पिढ्यांसाठी मालमत्ता अडकवून ठेवता येत नाही. मेलेल्या माणसाचा हात जिवंतांच्या शेतावर किती काळ ठेवायचा, याला कायद्यानं हद्द घातली आहे.

चार कलमं पुढे, अठराव्यात, एक सूट आहे. धर्म, ज्ञान, आरोग्य अशा लोकांच्या भल्याच्या कामासाठी जे दिलं, त्याला ही हद्द नाही. पणतूसाठी जे करता येत नाही, ते अनोळखी पोरासाठी करता येतं. वकील या कलमावर पुष्कळ दिवस विचार करत राहिले. शेवटी त्यांनी काही एकर विकले आणि पुण्याच्या ज्या लॉ कॉलेजात ते शिकले होते, तिथे कायमची शिष्यवृत्ती ठेवायचं ठरवलं.

मसुदा त्यांनी मनापासून केला. मुद्दलाला कधी हात लावायचा नाही. व्याजातलाही काही हिस्सा दरसाल मुद्दलात परत घालायचा, नाहीतर महागाई ते आतून पोखरते आणि वीस वर्षांनी त्यातून फक्त पुस्तकं येतात. शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या गरजू मुला-मुलीला ती मिळावी. एकदा दिली की पदवी होईपर्यंत चालू राहावी, मग अभ्यासक्रम तीन वर्षांचा असो की पाच. फीपेक्षा पुण्यातली खोली आणि मेस जड जाते, म्हणून तोही खर्च धरला. आणि सनद मिळाल्यावर आणखी दोन वर्षं रक्कम द्यावी, असं त्यांनी लिहिलं. ज्युनिअरला सुरुवातीला हातात फारसं काही पडत नाही, आणि शेतकऱ्याचं हुशार पोर नेमकं तिथेच वकिली सोडून मिळेल ती नोकरी धरतं, हे त्यांनी किती वेळा तरी पाहिलं होतं. माझ्या मते त्या दस्तातलं सगळ्यात शहाणं कलम हेच.

मग त्यांनी अटी घातल्या. शिकून दहा वर्षं याच दोन तालुक्यांत वकिली करावी. दात्याच्या पुण्यतिथीला हजर राहावं. दात्याच्या घराण्याविरुद्ध कधी वकीलपत्र घेऊ नये.

दौंड कोर्टाबाहेर लिंबाखाली बसणाऱ्या टायपिस्ट बाईंनी इथपर्यंत टाइप केलं आणि हात थांबवले.

“साहेब, एक विचारू? जमीन बांधायला निघालात तर कायद्यानं तुम्हाला अडवलं. तेच तुम्ही आता पोरांना करताय, असं नाही का होत?”

वकिलांना राग आला. “अटी मोठमोठ्यांनी घातल्यात, बाई. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी आंबेडकरांना अमेरिकेला शिकायला पाठवलं. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. परत येऊन दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायचा करार होता. बॅरिस्टर सरदारसिंह राणांनी ठेवलेल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर सावरकर १९०६ ला विलायतेत कायदा शिकायला गेले. इंग्रजांची नोकरी करायची नाही, ही तिची अट.”

“मग त्या बडोद्याच्या कराराचं काय झालं?”

वकील थोडा वेळ बोलले नाहीत. “आंबेडकर १९१७ ला करार पाळायला बडोद्यात गेले. अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना. थोड्याच दिवसांत बडोदं सोडावं लागलं.”

“आणि सावरकर?”

“परीक्षा दिल्या. पण ग्रेज इननं त्यांना बॅरिस्टर करून घ्यायला नकार दिला.”

“म्हणजे देणाऱ्यानं कागदावर लिहिलं एक, झालं दुसरंच. आंबेडकरांनी घटनेचं काम केलं, ते कुठल्या करारात होतं? तुम्ही मुद्दल बांधा, साहेब. पोरं कशाला बांधता?”

वकिलांनी कागद मागून घेतला. कुणाला द्यायचं, ते ठरवायचा हक्क देणाऱ्याचा आहे, म्हणून दोन तालुक्यांचं कलम ठेवलं. घेणाऱ्यानं पुढे काय करावं, हे सांगणारी तिन्ही कलमं खोडली. घराण्याविरुद्धच्या वकीलपत्राचं कलम खोडताना मात्र ते जरा थांबले.

काही वर्षांनी शिरूर तालुक्यातल्या ऊसतोड्याची मुलगी त्या पैशावर वकील झाली. दौंडला बसू लागली. तिच्या सुरुवातीच्या कामांतलं एक बांधाचं होतं, आणि समोर प्रतिवादी होता वकिलांचाच मुलगा. त्यानं शेजाऱ्याच्या विधवेचा बांध कोरला होता.

मुलगा तणतणत घरी आला. “दादा, तुमच्याच पैशानं शिकली ती! तिला बोलावून सांगा.”

म्हाताऱ्यानं चष्मा लावला आणि दाव्याची प्रत अथपासून इतिपर्यंत वाचली. मोजणीचा नकाशा जोडलेला होता, साक्षीदारांची यादी नीट होती, मागणी नेमकी होती.

“काम चांगलं केलंय तिनं,” ते म्हणाले. “बांध सरळ कर आणि तडजोडीचा अर्ज दे. आणि लढायचंच असेल तर चांगला वकील बघ. मी उभा राहणार नाही.”