नवा फोन, जुना हात

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण आपण बहुधा दुसऱ्याला उद्देशून वापरतो. ती आपल्यालाही लागू पडते हे कळण्यासाठी फार मोठ्या प्रसंगाची गरज नसते. हातातला फोन बदलला तरी पुरे होते. गेली अनेक वर्षे आम्ही अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा फोन वापरीत होतो. अलीकडे परदेशी नोकरीस असलेल्या भाच्याने आपला वापरलेला आयफोन आम्हांस दिला. दोन्ही फोनांचे काम एकच : बोलणे, निरोप देणे, छायाचित्र काढणे, वाट दाखविणे. तरीही पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट ध्यानात आली. फोन बदलणे म्हणजे अंगावरचे कपडे बदलणे होय. प्रणाली बदलणे म्हणजे घर बदलणे होय. नव्या घरात वीज गेली की आपला हात जुन्या घराच्या भिंतीवर काड्यापेटी शोधू लागतो.

जुन्या फोनवर मागच्या पानावर जायचे तर काचेच्या डाव्या किंवा उजव्या कडेवरून बोट आत ओढले की भागत असे; नव्या फोनवर ते बहुधा डाव्या कडेवरूनच ओढावे लागते. मराठी लिहिताना ‘ळ’ कोठे आहे हे बोटाला ठाऊक होते. आता तो डोळ्यांनी हुडकावा लागतो. नवे एखादे अॅप उघडले की, ‘याने इतर अॅपांमध्येही तुमचा माग काढावा काय?’ असा प्रश्न पुढे येतो. आयफोनवर हा प्रश्न २०२१ पासून विचारला जातो. दूरध्वनी क्रमांक व छायाचित्रे नव्या घरी आली. व्हॉट्सअॅपवरील जुने संभाषणही आले, कारण तशी सोय २०२२ मध्ये झाली आहे. परंतु एका प्रणालीवर पैसे मोजून घेतलेली अॅप्स दुसऱ्या प्रणालीवर आपोआप येत नाहीत. तेथे पुन्हा नव्याने पैसे मोजावे लागतात.

ह्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींमागे एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. बोट डोक्याला न विचारता हलत होते, तर त्या बोटाचा धनी कोण? संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कबुलीजबाबा’च्या आठव्या भागात मनाच्या बंधनाचा उगम सांगितला आहे. वाकडी इच्छा वासनेला जन्म देते, वासनेचे लाड पुरविले की तिची सवय होते, आणि सवयीला वेळीच आवर घातला नाही की तिची गरज बनते. ही साखळी दुसऱ्या कोणी नव्हे, आपण स्वतःच कडी कडी जोडून घडवीत असतो. दिवसातून किती वेळा आपण निष्कारण फोन हाती घेतो हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने त्याची प्रणाली एकदा बदलून पाहावी. जुन्या फोनवर जे अजाणता घडत होते, ते नव्या फोनवर अडखळत घडते. आणि जेथे माणूस अडखळतो, तेथेच त्याला आपल्या चालण्याचे भान येते.

म्हणून सवय वाईटच, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारात सद्गुण हीदेखील एक प्रकारची जडलेली सवयच आहे. जपमाळेचे मणी मोजणारे आजीचे बोट, पहाटे न बोलावता गोठ्याकडे वळणारे शेतकऱ्याचे पाऊल, रडण्याचा आवाज येताच झोपेतून उठणारी आई : या सवयींनी माणूस लहान होत नाही, मोठा होतो. मग चांगली सवय व बंधनकारक सवय यांतला भेद कोणता? आमच्या मते कसोटी अशी : जी सवय आपल्याला दुसऱ्यासाठी मोकळे करते ती चांगली, जी बाहेर जाण्याचे दारच बंद करते ती बेडी.

आता ज्या दोन घरांत आज बहुतेक सारे जग राहते, त्यांची दारे कशी आहेत ते पाहू. आयफोन जानेवारी २००७ मध्ये जगापुढे आला व २००८ मध्ये भारतात विक्रीस आला. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ मध्ये अमेरिकेत निघाला. त्या काळी नोकियाची सिम्बियन प्रणाली घरोघरी होती आणि ब्लॅकबेरीला प्रतिष्ठा होती. पुढे विंडोज फोनही आला. आज ती सारी घरे ओस पडली आहेत. उरलेल्या दोघांविषयी सरकारांनाही चिंता वाटू लागली आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडसंबंधीच्या वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अमेरिकेच्या न्याय विभागाने मार्च २०२४ मध्ये अॅपलविरुद्ध दावा दाखल केला. आयफोन नसलेल्या माणसाला पाठविलेला निरोप तेथे हिरव्या रंगात दिसतो व त्यापायी, विशेषतः तरुण मुलांना, समवयस्कांत कमीपणा सोसावा लागतो, असेही त्या दाव्यात म्हटले आहे. रंगावरून माणसाची पंगत ठरविण्याची रीत आपल्या देशाला नवी नाही. सुदैवाने आपल्याकडे बहुतेकांचे निरोप व्हॉट्सअॅपवरून जात असल्याने ही भिंत उभी राहिली नाही. परंतु फोनच्या पाठीवरील खुणेवरून माणूस तोलण्याचा रोग येथेही शिरला आहे, हे लग्नमांडवात नजर टाकली तरी कळते.

मराठी माणसाने तर बंद दारांचा जाच दुसऱ्या एका रूपातही भोगला आहे. १९९० च्या दशकात संगणकावर मराठी अक्षरजुळणी होत असे तेव्हा प्रत्येक कंपनीच्या फाँटची संकेतपद्धती निराळी होती. एका मुद्रकाकडे जुळविलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हांचा कचरा दिसे. पुढे युनिकोड ही सर्वांना समान संकेतपद्धती रूढ झाली, आणि आज अँड्रॉइडवर लिहिलेला ‘आई’ हा शब्द आयफोनवरही ‘आई’ असाच उमटतो. सर्वांच्या मालकीची, कोणा एकाची मिरास नसलेली व्यवस्था म्हणजे काय, आणि ख्रिस्तसभा ज्याला समाईक हित म्हणते ते म्हणजे काय, याचे इतके साधे उदाहरण क्वचितच सापडेल. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापावे लागले. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्या ग्रंथाच्या नशिबी देवनागरी खिळे नव्हते. आज खिळे प्रत्येकाच्या खिशात आहेत, आणि तरीही आपण मराठी निरोप रोमन अक्षरांत लिहितो. त्यांची ती अडचण होती. आपली ती केवळ सवय आहे.

हा सारा विचार आम्ही बीड जिल्ह्यात बसून करीत आहोत, याचा विसर पडता कामा नये. दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील लक्षावधी माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना दुसरे दार नसते. महागड्या फोनची किंमत एखाद्या जोडप्याच्या उचलीच्या आसपास जाऊन भिडते, एवढे ध्यानी घेतले तरी पुष्कळ झाले. आमच्यासारख्यांना जखडणारी बेडी सोयीची आहे. त्यांची बेडी भुकेची आहे. दोन्हींना एकच नाव देणे हा त्यांच्या दुःखाचा अवमान ठरेल.

आणि प्रणाली बदलण्याचा खरा कस लागतो तो आमचा नव्हे, गावी नातवंडांना सांभाळीत राहिलेल्या आजीचा. तिच्या हाती बटनाचा मोबाइल होता तेव्हा अक्षरओळख नसतानाही ती बोटाने चाचपून हिरवे बटन दाबीत असे. बटनाला उंचवटा होता, त्याची जागा ठरलेली होती. आता हाती टचचा फोन आला. गुळगुळीत काचेवर बोटाला धरायला काही नाही, आणि कालचे चित्र आज त्याच जागी असेल याची खात्री नाही. कोपीवरून लेकाचा फोन येतो आणि तो उचलण्यासाठी बोट कसे सरकवावे हे उमगण्याआधीच घंटी थांबते. आम्हांस ‘ळ’ सापडला नाही तर एक शब्द अडतो; तिला ते चित्र सापडले नाही तर लेकाचा आवाज अडतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात म्हटले आहे की तंत्रज्ञानाची साधने तटस्थ नसतात. ती आपल्या जगण्याची चौकट घडवितात. ही चौकट घडविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ती आजी होती काय, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार तिला नसेल, तर तिच्या वतीने तो आपण विचारला पाहिजे.

कोणता फोन चांगला, असे तरुण मुले आम्हांस विचारतात. त्याचे उत्तर दुकानदार अधिक चांगले देईल. आम्ही एवढेच सुचवू की घरात नवा फोन येण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. हा फोन गरजेसाठी घेत आहोत की पंगतीत वर बसण्यासाठी? त्याचे हप्ते कोणाच्या घामातून जाणार आहेत? आणि आपल्या घरातील सर्वांत अडखळणारे बोट कोणाचे आहे. त्या बोटाला धरून शिकविण्यासाठी आपल्यापैकी कोण रोज संध्याकाळी अर्धा तास देणार आहे?

पहिले अडखळणे फार दिवस टिकत नाही. पंधरा दिवसांत बोटे नवी वाट शिकतात आणि नवे घर जुने होऊन जाते. म्हणूनच ते थोडे दिवस मोलाचे असतात. त्या दिवसांत आपण कशाचे बांधील आहोत हे क्षणभर उघड दिसते. प्रणाली येतील व जातील. आपण निष्ठा वाहायची ती पलीकडून बोलणाऱ्या माणसाला, मधल्या काचेला नव्हे.