विहीर आणि पोहरा

श्रावणातली गोष्ट. आमच्या शाळेतून पुढे गेलेली एक विद्यार्थिनी भावाचा हात धरून घरी आली. मुलगी जन्मांध, आता कॉलेजात शिकते. म्हणाली, "सर, तुमची कादंबरी वाचायची आहे. मजकुराची फाइल द्याल?"

तिचा संगणक मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. हवे तेथे थांबता येते, मागे जाता येते, शब्द कसा लिहिला आहे तेही तपासता येते.

"प्रकाशकांना विचारून सांगतो हं," मी म्हणालो. खरे म्हणजे प्रकाशकांच्या आड मी माझी भीती लपवत होतो. फाइल चार हातांत गेली, तर पुस्तक विकत कोण घेणार?

रात्री कायदा काढून वाचला आणि ओशाळलो. आपला कॉपीराइटचा कायदा 1957 चा. लेखक हयात असेतो आणि त्याच्या मागे 60 वर्षे तो हक्क राखतो. पण 2012 च्या दुरुस्तीने त्यात एक दार उघडले. अपंग व्यक्तीला वाचता यावे म्हणून कोणीही, नफा न घेता, पुस्तकाची सोयीची प्रत करू शकतो. अशा प्रती बाजारात जाऊ नयेत, ही काळजी संस्थांनी घ्यायची. 2013 साली माराकेश येथे याच कामासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. 2014 साली त्याला अनुमोदन देणारा पहिला देश भारत.

म्हणजे माझ्या परवानगीवाचून तिचे अडलेच नव्हते! अडले होते ते वेगळ्याच ठिकाणी. छापील पाने स्कॅन केली की यंत्र जोडाक्षरांची मोडतोड करते. मग कोणी डोळस माणसाने बसून पानन् पान शुद्ध करायचे. तोवर तिच्या मैत्रिणी तेच पुस्तक वाचून विसरूनही जातात. आणि शुद्ध मजकूर तर माझ्या घरात पडून!

आपण कोणाला अडवत नाही, एवढ्यावर आपण स्वतःला उदार समजतो. विहीर सर्वांना मोकळी म्हणायचे आणि पोहरा माजघरात ठेवायचा, त्यातलाच हा प्रकार. कायदा विहीर मोकळी करतो. पोहरा ज्याचा त्यानेच बाहेर आणून ठेवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी फाइल पाठवली. आठ दिवसांनी तिचा फोन आला: "सर, अकराव्या प्रकरणात एक शब्द चुकलाय."

मी छापील पुस्तक उघडले. चूक तेथेही होती. इतक्या डोळस वाचकांतून ती मला आजवर कोणी दाखवली नव्हती.