कुंपणाबाहेरची फांदी

घराभोवती चार हात मोकळी जमीन असली, की तेथे काहीतरी लावावे असे माणसाला वाटतेच. आमच्या वसईत तर घर आणि वाडी हे शब्द एकमेकांपासून वेगळे काढणे कठीण. विहिरीच्या पाण्यावर केळी, कडेने माड, दारात मोगरा व सोनचाफा, परसात अळू आणि वालाचा मांडव, अशा संगतीत येथील पिढ्या वाढल्या. आता वाड्या आक्रसल्या आहेत. कित्येकांच्या वाट्याला गॅलरीतील चार कुंड्याच उरल्या आहेत. तरीही रोपावर पहिले फूल दिसताच होणारा आनंद कुंडीत आणि वाडीत सारखाच. त्याच आनंदाच्या पोटी ‘माझे’ हा शब्दही जन्म घेतो. परसातले फळ खरोखर कितपत आपले, हा प्रश्न आम्हांला एका शेवग्याने घातला.

आमचा शेवगा कुंपणाला लागून आहे. त्याची एक फांदी रस्त्यावर झुकलेली. काही वर्षांपूर्वी जवळच्या बांधकामावर राबणारी एक बाई संध्याकाळी परतताना त्या फांदीचा कोवळा पाला खुडून ओच्यात घेऊन जात असे. एके दिवशी आम्ही तिला हटकले आणि न विचारता हात लावू नये, असे चढ्या आवाजात सुनावले. रात्री रोझरीची प्रार्थना करताना मनाला टोचणी लागली. दुसऱ्या दिवशी पाल्याची जुडी, चार शेंगा व दोन पेरू पिशवीत घालून आम्ही फाटकाशी उभे राहिलो. तिने पिशवी घेतली. मान मात्र वर केली नाही. त्यानंतर ती त्या रस्त्याने दिसली नाही. काम संपले म्हणून की आमच्यामुळे, हे आम्हांला कळले नाही. आमची चूक रागावण्याची होती आणि पिशवीने ती फिटली, असे आम्ही पुष्कळ दिवस मानीत होतो. आज वाटते, पिशवी ही दुसरी चूक होती.

जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात शेतकऱ्याला एक आज्ञा आहे. शेताच्या कडाकोपऱ्यापर्यंत कापणी करू नये, मळ्यात गळालेली द्राक्षे वेचू नयेत. ती गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावीत. सगळे पीक घरी आणून मग त्यातून दान वाटावे, असे ही आज्ञा म्हणत नाही. तो वाटा कापूच नये, असे ती सांगते. ज्याला गरज असेल तो येईल, स्वतःच्या हातांनी खुडील आणि स्वतःच्या श्रमाचे म्हणून घरी नेईल. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचू लागली, तेव्हा त्याने आपल्या गड्यांना पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम मागे टाकण्यास सांगितले आणि तिला धमकावू नका, असेही बजावले. देण्याची ही रीत किती नाजूक! देणारा समोर उभा नाही, म्हणून घेणाऱ्याची मान खाली जात नाही. ती बाई सरवा वेचीत होती. आम्ही तिला भिक्षेकरी केले.

कोणी म्हणेल, मग कुंपणे घालावीत तरी कशाला? खत आमचे, पाणी आमचे, पाठ मोडली ती आमची. हा आक्षेप खोटा नाही, आणि पवित्र शास्त्रही तो नाकारीत नाही. अनुवादाच्या 23व्या अध्यायात शेजाऱ्याच्या मळ्यात पोटभर द्राक्षे खाण्याची मुभा आहे, पण टोपली भरून नेण्याची नाही. उभ्या पिकात कणसे हाताने खुडावीत, विळा लावू नये. म्हणूनच शिष्यांनी शब्बाथ दिवशी कणसे मोडून खाल्ली, तेव्हा परुश्यांनी आक्षेप घेतला तो दिवसाविषयी. चोरीचा आरोप त्यांनीही केला नाही. मालकी आहे, पण तिला कडा आहे.

आणि आपले तरी त्यात किती? बाणवली माड फळावर यायला सहा-सात वर्षे लागतात आणि पुढे तो तीन पिढ्यांना पुरतो; आज आपण सोलतो तो नारळ बहुधा आजोबांच्या श्रमाचा असतो. भोपळ्याच्या वेलावर नर व मादी फुले वेगळी. मधमाशी आली नाही, तर फळ धरतच नाही. तिला आपण कोणती मजुरी देतो? पृथ्वीवरील संपत्ती सर्वांसाठी आहे, ही शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली पुन्हा मांडली, आणि पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात तिचे स्मरण करून दिले. वाडीत काम करणाऱ्याला ती मधमाशीही शिकवते.

आगेराच्या सणाला आपण भाताच्या नव्या लोंब्या मंदिरात आणतो. पहिला वाटा परमेश्वराचा, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. शेवटचा वाटा झाडावरच ठेवावयाचा, हे मात्र आपण विसरलो. कुंपणालगतची जास्वंद पहाटे कोणी आपल्या देवासाठी तोडून नेली, तर आपण दिवसभर धुसफुसतो. तीच फांदी त्याच्यासाठी सोडली आहे असे मनाशी ठरविले, तर झाडात काहीच बदलत नाही; बदलतो तो आपला दिवस.

शेवग्याची ती फांदी आम्ही छाटलेली नाही. आत भरपूर शेंगा असल्या, तरी तिच्या शेंगा आम्ही काढीत नाही. संध्याकाळी कधी ती उघडी झालेली दिसते. कोणी नेले, हे आम्ही विचारीत नाही.