शीर्षकाचे उत्तरदायित्व : शब्दहीन संगीत आणि परक्याची वेदना

शब्दहीन ध्वनिरचनेला दिलेले शीर्षक हा त्या रचनेचा घटक मानावयाचा की तिच्या वेष्टनाचा, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. मर्ढेकरांची संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे प्रमाण मानणाऱ्याला त्याचे उत्तर सोपे आहे : ध्वनींचे परस्परसंबंध हेच संगीताचे सर्वस्व असल्यामुळे शीर्षक कलाबाह्य ठरते. परंतु ज्या रचनेच्या नावातच एखाद्या हत्याकांडाचा, सशस्त्र संघटनेचा किंवा तीर्थयात्रेचा निर्देश आहे, तिच्या बाबतीत हे उत्तर पुरे पडत नाही. तेथे श्रोत्याकडे काहीतरी मागितले गेलेले असते. ते शीर्षकाने मागितले की ध्वनींनी, याचा निवाडा केल्याशिवाय कलावंताच्या नैतिक जबाबदारीविषयी काही बोलता येत नाही.

मँचेस्टरचा ब्रिन जोन्स (१९६१-१९९९) हे या प्रश्नाचे बहुधा सर्वांत अडचणीचे उदाहरण आहे. १९८२ मध्ये इस्रायलने लेबनॉनवर केलेल्या आक्रमणाच्या धक्क्यातून त्याने 'मुस्लिमगॉझ' हे नाव धारण केले आणि त्यानंतर मृत्यूपर्यंत नव्वदच्या आसपास ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केल्या. तालवाद्ये, ड्रम मशीन, फितींची आवर्तने, कुठूनतरी उचललेले मानवी आवाज एवढीच त्याची सामग्री. गीत नाही, निवेदन नाही. राजकारण सगळे नावांत : 'काबूल', 'हज', 'अबू निदाल', 'व्होट हिजबुल्ला', 'हेब्रॉन मॅसॅकर'. जोन्स मुसलमान नव्हता, आणि पश्चिम आशियात तो एकदाही गेला नाही. परक्या सत्तेच्या ताब्यातील भूमीत पाऊल टाकणे त्याला मान्य नव्हते. त्याच्या मुद्रिका बहुधा काहीशे ते हजारेक प्रतींच्या मर्यादित आवृत्त्यांत निघत आणि युरोप-अमेरिकेतील संग्राहकांकडे जात.

त्याने घेतलेले नाव तेवढे थांबून पाहण्याजोगे आहे. त्यात 'मस्लिन' आणि 'गॉझ' या दोन कापडांच्या नावांवर श्लेष आहे. मलमलीचे इंग्रजी नाव मोसुल शहरावरून आले. 'गॉझ'चा संबंध गाझाशी जोडला जातो, जरी ही व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. जखमेवर बांधावयाची जाळीदार पट्टी हा अर्थ मात्र निर्विवाद. म्हणजे कलावंताने स्वतःसाठी निवडलेली भूमिका जखमीची नाही, जखमेला स्पर्श करणाऱ्या वस्तूची आहे. नावातील हा संयम शीर्षकांत टिकलेला दिसत नाही.

जोन्सवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप अनुभवाच्या अभावाचा आहे. जो तेथे गेला नाही, ज्याने तेथील काही सोसले नाही, त्याला त्या वेदनेवर रचना करण्याचा अधिकार कोणता? मराठी वाचकाला हा युक्तिवाद परिचित आहे. दलितेतराने लिहिलेले साहित्य दलित साहित्य ठरू शकते काय, या वादात त्याच्या सर्व बाजू तपासून झाल्या आहेत. त्या चर्चेतून निदान एवढे स्पष्ट झाले की अनुभव हा अधिकाराचा एक आधार असू शकतो, पण अनुभव नसणे म्हणजे आपोआप अनधिकार नव्हे. कल्पनाशक्तीला प्रवासाचा परवाना लागतो असे म्हटले तर ऐतिहासिक कादंबरीही लिहिता येणार नाही. हा आक्षेप येथेच सोडून दिलेला बरा.

खरा आक्षेप निराळ्या जागी आहे, आणि तो मांडण्यासाठी अभिनवगुप्ताचा आधार उपयोगी पडतो. रसास्वादातील विघ्ने सांगताना त्याने एक विघ्न असे सांगितले आहे की आस्वादक स्वगत किंवा परगत देशकालविशेषात गुंतून राहतो. साधारणीकरणाने ही गुंतवणूक सुटली पाहिजे. शोक हा अमुक एका माणसाचा शोक राहता कामा नये. हत्याकांडाचे नाव धारण करणारे शीर्षक नेमके उलट करते. ते आस्वादाच्या दारातच देशकालविशेष आणून उभा करते. रसव्यवस्थेच्या दृष्टीने हा दोष होय; नैतिक दृष्टीने मात्र तोच गुण ठरण्याची शक्यता आहे, कारण येथे मेलेल्यांचा शोक 'साधारण' होऊ देणे हाच अन्याय ठरेल. अडॉर्नोने 'एंगेजमेंट' या १९६२ च्या निबंधात शोनबर्गच्या 'वॉर्सोतील वाचलेला' (१९४७) या रचनेविषयी व्यक्त केलेली अस्वस्थता याच स्वरूपाची आहे : यातनेला घाट दिला की तीतून सुख पिळून निघण्याची शक्यता निर्माण होते. त्याच निबंधात तो हेही मान्य करतो की ती यातना विसरण्याची मुभा कलेला नाही.

मग प्रश्न असा उरतो की शीर्षकाने उभे केलेले विघ्न ध्वनी टिकवून धरतात की विरघळवून टाकतात. लुइजी नोनोची १९६६ ची फितीवरील रचना येथे तुलनेला घेता येते. पेटर वाइसच्या 'तपास' या नाटकाच्या १९६५ मधील बर्लिन प्रयोगासाठी केलेल्या संगीतातून ती आकाराला आली, आणि तिच्या शीर्षकातच आउश्विट्झचे नाव आहे. तीत माणसांचे आवाज आहेत, पण अर्थपूर्ण शब्द नाहीत. लहान मुलांचा समूहस्वर आणि एक स्त्रीस्वर यांची मोडतोड झालेली आहे. श्रोत्याला रमण्यास जागा सापडत नाही. शीर्षकाने जे मागितले त्यापासून ध्वनी त्याला पळू देत नाहीत. जोन्सच्या बऱ्याच रचनांत ही पकड नाही. हातवाद्यांचे आवर्तन इतके मोहक आणि इतके दीर्घ चालते की पाच मिनिटांत नाव विसरते आणि शरीर डोलू लागते. मध्येच ध्वनी तोडून टाकण्याची, आवाज अकस्मात विकृत करण्याची त्याची पद्धत या मोहाला छेद देते, आणि त्याच्या उत्तम रचना त्याच आहेत. परंतु 'जुल्म' (१९९२) किंवा 'तंदूरी डॉग' (१९९८) ही नावे वाचताना भारतीय वाचकाला जाणवतो तो चटकदारपणा. परक्याची भाषा मसाल्यासारखी वापरली जात असल्याचा संशय येथे पुरता जात नाही.

या संशयाहून गंभीर बाब १९८७ च्या 'अबू निदाल' या शीर्षकाची आहे. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेल्या पॅन अ‍ॅमच्या विमानाचा कराचीत ताबा घेतला गेला. सुमारे वीस माणसे मारली गेली, त्यांत मुंबईत वाढलेली विमानसेविका नीरजा भनोत होती. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. हे कृत्य अबू निदाल संघटनेचे होते. त्याच संघटनेने १९८३ मध्ये इसाम सरतावी या पॅलेस्टिनी नेत्याचाही, इस्रायलशी संवाद साधू पाहतो म्हणून, खून केला होता. म्हणजे शीर्षकाने ज्या समाजाच्या बाजूने उभे राहावयाचे त्या समाजातील माणसांचा मारेकरीच शीर्षकस्थानी आला. देशकालविशेषाचा आग्रह धरणाऱ्या कलावंताने विशेषाची एवढी उपेक्षा करणे हा विसंवाद सौंदर्यशास्त्रीय भाषेने झाकता येणारा नाही. नाव उच्चारले की त्या नावाने मेलेले सगळेच रचनेत प्रवेश करतात. त्यांतले काही निवडून घेण्याची सवलत संगीतकाराला नसते. शब्द असते तर निदान प्रतिवाद करता आला असता. शब्दहीन रचना नाव घेते आणि गप्प राहते.

श्टॉकहाउझेनची दिशा याच्या उलट आहे. 'गेझांग डेर यूंगलिंगे' (१९५६) मध्ये भट्टीत टाकलेल्या तीन तरुणांच्या बायबलमधील स्तोत्राचे शब्द एका मुलाच्या आवाजात आहेत. युद्धाचा उल्लेखही नाही. ज्याची आई नाझींच्या 'दयामरण' मोहिमेत मारली गेली आणि ज्याने कोवळ्या वयात लष्करी रुग्णालयात जखमी वाहिले, त्याला धर्मग्रंथातील आग पुरेशी वाटली असावी. त्याच संगीतकाराने १६ सप्टेंबर २००१ रोजी हॅम्बुर्गमध्ये न्यूयॉर्कवरील हल्ल्याला महान कलाकृती म्हटले. ते ल्युसिफरचे कृत्य असे आपल्याला म्हणावयाचे होते हा त्याचा नंतरचा खुलासा. कार्यक्रम तोवर रद्द झाले होते. पुराणप्रतिमेत वावरणाऱ्या मनाला घटना समोर आल्यावर तीही प्रतिमाच वाटली, असे या प्रसंगाचे वाचन करता येईल.

जोन्सच्या 'हेब्रॉन मॅसॅकर'ला या दोन टोकांच्या मध्ये ठेवून पाहिले पाहिजे. २५ फेब्रुवारी १९९४ रोजी, रमजानमध्ये, इब्राहिमी मशिदीत २९ नमाजी मारले गेले. मुद्रिका त्याच वर्षी निघाली. येथे शीर्षक मारेकऱ्याचे नाही. त्यात फक्त गावाचे नाव आहे, आणि तेथे काय घडले ते.